एक लिटर पाणी, एक मायक्रोलिटर इंजेक्शन: सूक्ष्म अशुद्धी शोधताना द्रावक कुठे वाचतो

प्रश्न असा आहे: पाण्यातली कीटकनाशकं व औषधांचे अवशेष, तसंच गोळ्यांमधली नायट्रोसामाइनसारखी (कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या संयुगांच्या गटातली) अशुद्धी अतिसूक्ष्म पातळीवर मोजायची आहे. आतापर्यंत सेपरेटिंग फनेल (न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं काचपात्र) आणि डायक्लोरोमिथेन या द्रावकावर काम चालत आलं. आता ‘हरित’ निष्कर्षणाच्या, म्हणजे हवा तो पदार्थ कमीत कमी घातक द्रावक वापरून नमुन्यातून वेगळा काढण्याच्या, पद्धतींकडे वळायचं तर कोणती निवडावी, आणि तिच्या आकड्यांवर जुन्या पद्धतीइतका भरवसा ठेवता येतो का?

भरवसा ठेवता येतो. मात्र निवड करताना ‘कोणत्या पद्धतीत द्रावक सर्वांत कमी’ या तक्त्यापासून सुरुवात करू नका. दोन गोष्टी आधी पाहा: जो रेणू शोधायचा आहे त्याला पाणी सोडून दुसरीकडे जायची कितपत ओढ आहे, आणि तुमचं उपकरण आणलेल्या नमुन्यापैकी प्रत्यक्षात किती वापरतं. या दोन उत्तरांवरून अर्धी यादी आपोआप गळते. उरलेल्या पद्धतींमध्ये हरित कोणती हे ठरवणं मग फारसं अवघड राहत नाही.

जुन्या पद्धतीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहायला हवा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, ३५१० क्रमांकाची पद्धत घेऊ. एक लिटर पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये घ्यायचं, ६० मिलिलिटर डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं, थर वेगळे झाले की खालचा काढून घ्यायचा, आणि हे तीनदा करायचं. झाले १८० मिलिलिटर. ते निर्जल सोडियम सल्फेटवरून जाऊ द्यायचं आणि कुडेर्ना-डॅनिश उपकरणात आटवत १ मिलिलिटरवर आणायचं. त्यातला १ मायक्रोलिटर गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (जीसी; मिश्रणातले घटक वायुरूपात लांब स्तंभातून नेऊन वेगळे करणारं उपकरण) जातो. म्हणजे लिटरभर पाण्यातून काढलेल्या ऐवजाचा हजारावा हिस्सा मोजला जातो आणि ९९९ हिस्से कुपीत राहतात. मोजमापाच्या दृष्टीने आपण १ मिलिलिटर पाणीच तपासलं. वीस नमुन्यांच्या एका बॅचला ३.६ लिटर डायक्लोरोमिथेन लागतं. घनता १.३३ धरली तर वजन पावणेपाच किलोच्या वर जातं. उत्कलनबिंदू जेमतेम ४० अंश सेल्सिअस असल्यामुळे, वाफ परत थंड करून गोळा करण्याची सोय नसेल तर यातलं बहुतेक फ्यूम हूडच्या धुराड्यातून हवेत जातं. हा पदार्थ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘२-ए’ गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची बरीच शक्यता असलेल्या पदार्थांमध्ये. मे २०२४ मध्ये ईपीएने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. प्रयोगशाळेतला वापर चालू ठेवायला मुभा आहे, पण आठ तासांच्या सरासरीने हवेतलं प्रमाण २ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत दोन भाग) आत ठेवण्याच्या बंधनासह.

या हिशेबातच उपाय दडलेला आहे. लिटरभर नमुना लागतो तो पाण्यात प्रदूषक कमी असतं म्हणून, हे अर्धंच खरं. काढलेल्यातला हजारावा भागच आपण वापरतो, हे दुसरं आणि मोठं कारण. जे काढलं ते सगळं उपकरणात पोहोचवता आलं, तर १० मिलिलिटर नमुन्यातूनसुद्धा जुन्या पद्धतीच्या दहापट द्रव्य डिटेक्टरपर्यंत जाऊ शकतं. सूक्ष्म निष्कर्षणाची सगळी शाखा या एका तर्कावर उभी आहे.

पण त्याआधीचा प्रश्न: निष्कर्षण खरंच लागणार आहे का? नमुना तयार करण्याची सर्वांत हरित पायरी म्हणजे वगळलेली पायरी. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात एकेका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. अशा पाण्याचे १०० मायक्रोलिटर थेट टोचले तर स्तंभावर १० पिकोग्रॅम जातात, आणि आजच्या ट्रिपल क्वाड्रुपोल एलसी-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफीने वेगळे केलेले रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या) उपकरणांना अनेक कीटकनाशकांसाठी एवढं पुरतं. नमुना गाळा, समस्थानिक लावलेला इंटर्नल स्टँडर्ड (त्याच रेणूचं जड समस्थानिक असलेलं रूप, ज्याच्या तुलनेत आकडा काढतात) घाला आणि इंजेक्ट करा. पीएफएएस म्हणजे परफ्लुओरो संयुगांसाठी ईपीएची ८३२७ क्रमांकाची पद्धत याच धर्तीची आहे: ५ मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटर मिथेनॉल, थोडं अ‍ॅसेटिक आम्ल, गाळणी, इंजेक्शन. पण तिची हद्दही ओळखा. पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएससाठी ईपीएने २०२४ मध्ये लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. त्या पातळीच्या पाण्याच्या १०० मायक्रोलिटरमध्ये ०.४ पिकोग्रॅम असतं, आणि मिथेनॉलने निम्मं पातळ केल्यावर ०.२. इथे बहुतेक प्रयोगशाळांना घन-अवस्था निष्कर्षणाकडे, म्हणजे एसपीईकडे (पाणी शोषकाच्या कार्ट्रिजमधून नेऊन, अडकलेले रेणू थोड्या द्रावकाने उतरवणं), यावंच लागतं. शिवाय थेट इंजेक्शनमध्ये क्षार आणि ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या वनस्पतींतून आलेली) आयन सोर्सपर्यंत, म्हणजे उपकरणात रेणूंचे आयन बनतात त्या भागापर्यंत, जातात, सिग्नल दाबला जातो. स्तंभातून पहिल्या मिनिटात येणारा प्रवाह व्हॉल्व्हने बाहेर वळवा आणि समस्थानिक स्टँडर्डवर कंजुषी करू नका. तो महाग असतो, पण वाया गेलेल्या बॅचपेक्षा स्वस्त पडतो.

बाष्पनशील पदार्थांसाठी हेडस्पेस, म्हणजे बंद कुपीत तापवलेल्या नमुन्यावरची हवा तपासणं, हेच उत्तर आहे, तिथे फार विचार करायची गरज नाही. औषधांतले उरलेले द्रावक आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू३सी मार्गदर्शिकेच्या मर्यादेत तपासायला (बेंझीन २ पीपीएम, डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएम) हीच रीत रूढ आहे.

आता गाभ्याकडे. एसपीएमई म्हणजे घन-अवस्था सूक्ष्मनिष्कर्षण १९९० मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन आणि कॅथरीन आर्थर यांनी पुढे आणलं. सुईतल्या बारीक तंतूवर पॉलिमरचा थर असतो. तो नमुन्यात किंवा नमुन्यावरच्या हवेत धरायचा, मग तीच सुई जीसीच्या तापलेल्या इनलेटमध्ये घालायची. द्रावक शून्य, आटवणं शून्य, आणि तंतूवर बसलेलं सगळं स्तंभावर. १९९९ मध्ये त्याच तत्त्वावर पॉलिमरचा लेप दिलेली ढवळकांडी आली, तिला एसबीएसई म्हणतात. दोन्हींत बहुधा पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन, म्हणजे पीडीएमएस असतं. फरक आकारमानाचा आहे, आणि तो फरक सगळं ठरवतो.

१०० मायक्रोमीटर जाडीच्या पीडीएमएस तंतूवर साधारण ०.६ मायक्रोलिटर पॉलिमर असतो, तर नेहमीच्या छोट्या ढवळकांडीवर २४ मायक्रोलिटर. नमुना १० मिलिलिटर घ्या. समतोल साधल्यावर किती टक्के रेणू पॉलिमरमध्ये जातील हे विभाजन गुणांक (पॉलिमर आणि पाणी यांतल्या संहतींचं गुणोत्तर) आणि पाणी व पॉलिमरच्या आकारमानांचं गुणोत्तर यांवर ठरतं. पीडीएमएससाठी हा गुणांक ढोबळमानाने ऑक्टेनॉल-पाणी गुणांकाएवढा धरतात, म्हणजे त्याचा लॉगरिथम असलेला लॉग पी पाहून अंदाज बांधता येतो. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचा लॉग पी २.६ च्या आसपास आहे. ढवळकांडीवर त्यातलं जवळपास निम्मं येईल, तंतूवर दोन-सव्वादोन टक्के. लॉग पी ५ असलेला एखादा पॉलिअरोमॅटिक हायड्रोकार्बन घ्या: कांडीवर ९९ टक्क्यांहून जास्त, तंतूवरही ८५ टक्क्यांच्या वर. आणि लॉग पी शून्याखाली असलेला मेटफॉर्मिन (मधुमेहावरचं औषध) किंवा एनडीएमए (एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन, एक नायट्रोसामाइन) घेतला, तर दोन्हींवर नगण्य. पीडीएमएसचा तंतू घेऊन एनडीएमए शोधायला बसलेला माणूस कितीही वेळ ढवळत राहिला तरी तो रेणू पाणी सोडणार नाही.

सव्वादोन टक्के हा आकडा पाहून पुष्कळ जण एसपीएमई बाजूला ठेवतात. कारण रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत मिळालेला भाग, ७० ते १२० टक्के हवी हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तो निकष संपूर्ण निष्कर्षणाचा आहे. एसपीएमई ही समतोलाची पद्धत आहे. दोन टक्केच आले तरी दर वेळी तेवढेच आले, आणि कॅलिब्रेशनचे नमुनेही त्याच वाटेने गेले, तर आकडा बरोबर येतो. इथे पाहायचं ते पुनरावर्तनक्षमतेकडे, निरपेक्ष रिकव्हरीकडे नव्हे. म्हणून तापमान, ढवळण्याचा वेग आणि वेळ यांवर हाताचा अंमल नको, ऑटोसॅम्पलरचा हवा. हातानेच करायचं असेल तर समस्थानिक स्टँडर्डशिवाय करू नका. तंतूची झीज होते, आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरतो. जास्त प्रमाणाच्या नमुन्यानंतर ब्लँक (शोधायचा पदार्थ नसलेला नमुना) लावणं हा नियमच ठेवा.

ही पद्धत केवळ शोधनिबंधांपुरती आहे असा समज असेल तर तो काढून टाका. पाण्यातल्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांसाठी हेडस्पेस एसपीएमईवर आधारित आयएसओ १७९४३ हे मानक २०१६ मध्ये आलं, आणि निवडक कीटकनाशकं व जैवनाशकांसाठीचं आयएसओ २७१०८ त्याआधी २०१० मध्ये. पाण्याला मातकट वास देणारं जिओस्मिन लिटरला काही नॅनोग्रॅम पातळीवर मोजायला अनेक जलप्रयोगशाळा रोज हीच सुई वापरतात.

रेणूची ओढ आपल्याला थोडी वाकवता येते, आणि त्याला द्रावक लागत नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन अवस्थेत असतात तो) साधारण ४ आहे. सातच्या पीएचला तो जवळजवळ सगळाच्या सगळा आयन अवस्थेत असतो आणि पाण्याला चिकटून राहतो. पीएच २ ते ३ वर आणला की तोच रेणू उदासीन होतो आणि लॉग पी साडेचारच्या आसपासचा जलद्वेष्टा बनतो. आम्लाच्या काही थेंबांनी इथे जे साधतं ते द्रावक दुप्पट करूनही साधत नाही. मीठ घातल्याने मध्यम ध्रुवीय रेणूंना फायदा होतो. पण फार जलद्वेष्ट्या रेणूंच्या बाबतीत उलटही घडतं, द्रावण दाट झाल्याने त्यांचा प्रवास मंदावतो. बीटा ब्लॉकरसारखी आम्लारिधर्मी औषधं आणि डायक्लोफेनॅक एकाच निष्कर्षणात हवी असतील तर एक पीएच दोघांना पुरणार नाही. तिथे दोन्ही गुणांचा शोषक असलेली एसपीई कार्ट्रिज बरी.

डीएलएलएमई, म्हणजे विखुरलेल्या द्रवाने केलेलं सूक्ष्मनिष्कर्षण, याबद्दल सर्वांत जास्त विचारलं जातं. २००६ मध्ये इराणमधल्या रझाई, अस्सादी आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. मूळ कृती अशी: ५ मिलिलिटर पाण्यात १ मिलिलिटर अ‍ॅसिटोन आणि त्यात विरघळवलेलं ८ मायक्रोलिटर टेट्राक्लोरोएथिलीन झपकन सोडायचं. पाणी दुधाळ होतं, कारण टेट्राक्लोरोएथिलीनचे असंख्य बारीक थेंब सगळीकडे पसरतात. संपर्काचा पृष्ठभाग प्रचंड असल्याने समतोल काही सेकंदांत साधतो. सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी एक चिमुकला थेंब उरतो, तो सिरिंजने उचलायचा. कल्पना फार सुंदर आहे. एवढ्या कमी साधनांत काहीशेपट संहती देणारी दुसरी पद्धत मला ठाऊक नाही. मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेला मी अजूनही ती सुचवतो.

तरी तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. शोधनिबंधांच्या शीर्षकात ‘८ मायक्रोलिटर’ झळकतं, पण अ‍ॅसिटोनचा १ मिलिलिटरही मोजायला हवा. तोच अ‍ॅसिटोन पाण्याची द्रावकता वाढवून मध्यम ध्रुवीय रेणूंना पाण्यातच धरून ठेवतो, म्हणजे रिकव्हरीही खातो. दुसरं, तळाशी बसावा म्हणून निवडलेला जड द्रावक बहुधा क्लोरीनयुक्तच असतो. ज्यापासून सुटका हवी होती तोच कमी प्रमाणात परत आला. तिसरी अडचण हाताची: पाच-दहा मायक्रोलिटरचा थेंब न फुटता, पाणी न ओढता उचलणं हे कसब आहे, आणि दोन विश्लेषकांच्या आकड्यांत फरक पडतो तो इथेच. पहिल्या दोन्हींवर उपाय आहेत. विखुरणारा द्रावक वगळून व्हॉर्टेक्सने किंवा अल्ट्रासाउंडने थेंब फोडता येतात. क्लोरीनयुक्त द्रावकाऐवजी १-डोडेकॅनॉल घेतलं तर ते पाण्यावर तरंगतं, आणि त्याचा वितळणबिंदू २४ अंशांच्या आसपास असल्यामुळे नळी बर्फात ठेवली की थेंब गोठतो व चिमट्याने उचलता येतो. यामुळे तिसरी अडचणही बरीच हलकी होते. फक्त जीसीमध्ये डोडेकॅनॉलचं मोठं शिखर येतं, त्याच्या मागेपुढे येणारे पदार्थ झाकले जातात. एलसीसाठी ही युक्ती जास्त सोयीची.

डीप युटेक्टिक द्रावकांबद्दल, म्हणजे डीईएसबद्दल, माझं मत जरा कडक आहे. २००३ मध्ये अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड आणि युरिया एकास दोन प्रमाणात मिसळून १२ अंशांना वितळणारा द्रव दाखवला. घटक वेगवेगळे घेतले तर कोलीन क्लोराइड ३०० अंशांच्या वर आणि युरिया १३३ अंशांना वितळतो, म्हणजे ही घसरण थक्क करणारी आहे. पण हे मिश्रण पाण्यात पूर्ण मिसळतं. पाण्याच्या नमुन्यात ते घातलं की त्याचे घटक विरघळून वेगळे होतात आणि द्रावक असा उरतच नाही. अशा ‘निष्कर्षणा’त जर काही वेगळं होत असेल तर ते मीठ किंवा दुसऱ्या द्रावकामुळे. पाण्यासाठी जलद्वेष्टे डीईएस हवेत. ते २०१५ पासून मिळू लागले: डेकॅनॉइक आम्लावर आधारित, किंवा मेन्थॉल व थायमॉलसारख्या टर्पीनच्या जोड्या. मेन्थॉल-थायमॉलची जोडी दाटपणाने कमी आणि मध्यम ध्रुवीय औषधांसाठी खरोखर उपयोगी आहे. एलसीत टोचण्याआधी ती मिथेनॉलने पातळ करावी लागते, आणि थायमॉल स्वतः अतिनील प्रकाश शोषतो, म्हणून यूव्ही डिटेक्टर असेल तर आधी ब्लँकचा क्रोमॅटोग्राम बघा. ‘नैसर्गिक घटक म्हणून निर्धोक’ हा निष्कर्ष मात्र काढू नका. मिश्रणाची विषारकता घटकांवरून सांगता येत नाही, ती मोजावी लागते. आयनिक द्रवांच्या (खोलीच्या तापमानाच्या आसपास द्रव असणाऱ्या क्षारांच्या) बाबतीत हा धडा आपण शिकलो आहोत. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट असलेले जलद्वेष्टे आयनिक द्रव पाण्याच्या संपर्कात विघटित होऊन हायड्रोजन फ्लुओराइड देऊ शकतात, आणि काही काळ त्यांचा उल्लेख सर्रास हरित द्रावक म्हणून होत होता.

चुंबकीय नॅनोकण, कापडावर सोल-जेल लेप दिलेले शोषक, पोकळ तंतूतलं द्रवनिष्कर्षण या सगळ्यांची आपापली जागा आहे. तयार, एकसारख्या गुणवत्तेचा शोषक बाजारात मिळत असेल तर जरूर वापरा. शोषक दर वेळी स्वतःच बनवायचा असेल, तर तो बनवताना खर्च झालेला द्रावक, वीज आणि धुण्याचं पाणीही हिशेबात धरा. ते धरल्यावर अनेकदा हरितपणा उरत नाही.

त्यापेक्षा ज्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही असा मार्ग सुचवतो: चालू असलेली एसपीई लहान करा. ५०० मिलिलिटर नमुना, ५०० मिलिग्रॅम शोषक आणि १० मिलिलिटर मिथेनॉल ही मापं कमी संवेदनशील उपकरणांच्या काळातली आहेत. उपकरण नवं असेल तर ५० मिलिलिटर नमुना, ३० मिलिग्रॅम शोषक आणि १ मिलिलिटर मिथेनॉल अनेकदा पुरतं. अंतिम आकारमानही त्याच प्रमाणात कमी ठेवलं तर संहती तेवढीच राहते. मिथेनॉल दहापट कमी लागतो, आटवायचा वेळ व नायट्रोजन वाचतो, आणि रसायनशास्त्र तेच राहिल्याने मान्यताप्राप्त पद्धतीपासून फार दूर जावं लागत नाही. ऑनलाइन एसपीई असेल तर आटवणंच नाहीसं होतं. कार्ट्रिजवर धरलेलं सगळं सरळ स्तंभावर जातं, म्हणजे सुरुवातीचा हजाराव्या हिश्श्याचा अपव्यय इथेही थांबतो.

औषधांचं गणित वेगळं आहे, आणि इथे पाण्याच्या पद्धती जशाच्या तशा उचलल्या तर फसगत होते. २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबावरच्या औषधात एनडीएमए सापडलं. टेट्राझोल वलय तयार करण्याच्या टप्प्यात डायमिथिलफॉर्मामाइड हा द्रावक होता, आणि उरलेलं अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट घातलं जात होतं. त्या द्रावकातून सुटलेलं डायमिथिलअमाइन आणि नायट्रस आम्ल एकत्र आले की एनडीएमए तयार होतं. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आणि ३२० मिलिग्रॅमचा कमाल डोस, म्हणून औषधातली मर्यादा ०.३ पीपीएम आली. म्हणजे औषधाच्या सुमारे ३३ लाख भागांत एक भाग. पाण्यात अडचण असते ती प्रदूषक विरळ असण्याची. गोळीत अडचण आहे ती शेजारी ३३ लाखपट औषध असण्याची. संहती वाढवली तर औषधाचीही वाढेल. इथे निष्कर्षणाचं काम वेगळं करण्याचं आहे, दाट करण्याचं नाही.

आणि इथे पाणी स्वतःच उत्तम द्रावक ठरू शकतं. एनडीएमए पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं. वल्सार्टन आम्लधर्मी असल्याने आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही. गोळीची पूड सौम्य आम्ल पाण्यात हलवली, सेंट्रिफ्यूज केली आणि गाळली, तर एनडीएमए बहुतांश पाण्यात येतं आणि औषधाचा मोठा भाग तळाशी राहतो. निष्कर्षणात सेंद्रिय द्रावकाचा थेंबही नाही. पण सावध राहा. नमुन्यात नायट्राइट आणि दुय्यम अमाइन उरलेले असतील, तर आम्ल पाणी हेच नायट्रोसेशनला, म्हणजे अमाइनपासून नायट्रोसामाइन बनण्याला, पोषक असतं, आणि एनडीएमए तुमच्याच नळीत तयार होईल. अस्कॉर्बिक किंवा सल्फामिक आम्ल आधीच घालून नायट्राइट निकामी करा. तरीही खात्री हवी, म्हणून एका नमुन्यात मुद्दाम डायमिथिलअमाइन आणि नायट्राइट घालून तीच प्रक्रिया चालवून पाहा. त्यात एनडीएमए वाढलं नाही तरच पद्धत पुढे न्या. रबराच्या बुचांवर आणि हातमोज्यांवरही नजर ठेवा, रबर हा नायट्रोसामाइनचा ओळखीचा स्रोत आहे.

उष्णतेवर चालणाऱ्या हरित पद्धती औषधांसाठी निवडताना रॅनिटिडीन या आम्लपित्तावरच्या औषधाचं २०१९ चं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. रॅनिटिडीनचा रेणूच तापल्यावर एनडीएमए देतो. जीसीच्या तापलेल्या इनलेटमध्ये घातलं की फुगलेला आकडा येतो, म्हणून अमेरिकी औषध प्रशासनाने कमी तापमानावर चालणारी एलसी-एमएस पद्धत सुचवली. औषधात खरोखरच दूषण होतं, आणि साठवणुकीत ते वाढत होतं, म्हणून एप्रिल २०२० मध्ये त्याच प्रशासनाने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. पण किती होतं, हे चुकीच्या पद्धतीने कळलंच नसतं. हेडस्पेस आणि एसपीएमई दोन्ही तापवतात. द्रावक शून्य असूनही इथे त्यांना जागा नाही.

मेटफॉर्मिनच्या गोळ्यांत एनडीएमए तपासताना एलसी-एमएसची उलट बाजू दिसली. गोळीतलं डायमिथिलफॉर्मामाइड मास स्पेक्ट्रोमीटरवर ७४ ला दिसतं, पण त्याच्या समस्थानिकाचा आयन ७५ ला येतो आणि एनडीएमएचाही ७५ लाच. वेगळेपणा अपुरा असला तर एकाचं प्रमाण दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. मोबाइल फेज (स्तंभातून वाहणारा द्रावक) वाचवण्यासाठी रन छोटा करताना हे दोन एकत्र बाहेर पडू नयेत. इथे पाच मिनिटं वाचवणं परवडत नाही.

हरितपणा मोजायची साधनं आता बरीच आहेत. २०१२ चा इको-स्केल १०० पासून दंडगुण वजा करतो, २०२२ चं अ‍ॅग्रीप्रेप नमुना तयारीच्या दहा निकषांवर शून्य ते एक असा गुण देतं, आणि व्यवहार्यतेसाठी २०२३ पासून बागी हा निर्देशांक आहे. वापरा, विशेषतः अ‍ॅग्रीप्रेप, कारण ते नेमकी आपली पायरी तपासतं. पण ०.५८ आणि ०.६२ मधल्या फरकावर निर्णय घेऊ नका, निकषांचं वजन बदललं की तो पुसला जातो. मला त्याहून उपयोगी वाटतो तो साधा तक्ता: प्रत्येक नमुन्यामागे किती मिलिलिटर द्रावक, किती प्लास्टिक, किती मिनिटं माणूस अडकला, आणि शंभरांतले किती नमुने पुन्हा करावे लागले. शेवटचा रकाना कुठल्याच निर्देशांकात ठळक नसतो, आणि बॅचच्या बॅच परत करावी लागली तर वरचे सगळे आकडे दुप्पट होतात. मोबाइल फेजही त्यात धरा. ४.६ मिलिमीटरच्या स्तंभावर मिनिटाला १ मिलिलिटरने अर्धा तास म्हणजे दर इंजेक्शनला ३० मिलिलिटर. २.१ मिलिमीटरच्या स्तंभावर ०.४ मिलिलिटरने पंधरा मिनिटं म्हणजे ६. निष्कर्षणात मायक्रोलिटर मोजणाऱ्या प्रयोगशाळेत द्रावकाची खरी गळती पुष्कळदा इथे असते.

बदल प्रत्यक्ष करताना जुनी पद्धत एकदम बंद करू नका. खरे नमुने दोन्ही पद्धतींनी समांतर चालवा. शुद्ध पाण्यात ज्ञात प्रमाण घालून (स्पाइक करून) मिळालेली सुंदर रिकव्हरी मातकट नदीच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. मर्यादेच्या निम्म्यावर, मर्यादेवर आणि दुपटीवर अशा तीन पातळ्या घ्या, प्रत्येक पातळी वेगवेगळ्या दिवशी आणि किमान दोन विश्लेषकांकडून करून घ्या. औषधांसाठी आयसीएच क्यू२ ची २०२३ ची सुधारित आवृत्ती चौकट देते. सांडपाण्यासाठी ईपीएच्या ६२५.१ सारख्या पद्धतीत २०१७ पासून एसपीईला वाव आहे, आणि कामगिरीचे निकष पाळून बदल करायची तरतूद नियमांतच आहे. पिण्याच्या पाण्याच्या पद्धतींत मोकळीक कमी असते, तिथे आधी लेखी मान्यता घ्या.

तुमच्या यादीपुरतं सांगायचं तर: मध्यम व जलद्वेष्ट्या कीटकनाशकांसाठी, जीसी आणि ऑटोसॅम्पलर असेल तर एसपीएमई, नसेल तर डोडेकॅनॉलचं डीएलएलएमई. पाण्यातल्या औषधांच्या अवशेषांसाठी आधी थेट इंजेक्शन करून पाहा, संवेदनशीलता कमी पडली तर लहान केलेली एसपीई. गोळ्यांमधल्या नायट्रोसामाइनसाठी पाण्यातलं निष्कर्षण आणि एलसी-एमएस. पाण्यात एनडीएमए मोजायचं असेल तर ईपीएच्या ५२१ क्रमांकाच्या पद्धतीतला नारळाच्या कवटीचा सक्रिय कोळसा अजून तरी सोडू नका, जरी त्यावरून रेणू उतरवायला डायक्लोरोमिथेनच लागत असलं तरी. अर्धा लिटर पाणी कोळशावरून नेऊन काही मिलिलिटर द्रावकात उतरवणं हे फनेलमधल्या १८० मिलिलिटरपेक्षा कितीतरी बरं आहे, आणि या रेणूला पाण्यातून इतक्या खात्रीने ओढणारा सोपा पर्याय माझ्या पाहण्यात नाही.